ओकायामा : स्टेशनाजवळ मुक्काम, दीड दिवस, बरोबर आई. पायी काय काय होईल?

शेवंती | १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस जपानला जातोय. हिरोशिमाहून ओसाकाला परतताना मध्ये ओकायामाला एक रात्र ठेवली आहे. हॉटेल स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारापासून चार मिनिटांवर. दुपारी बाराच्या सुमारास पोचू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर कुठलीही शिंकानसेन (बुलेट ट्रेन) चालेल. बरोबर आई (वय ७१, डावा गुडघा कुरकुरतो, सपाटीला तासभर मजेत चालते, जिने म्हटले की तोंड वाकडं) आणि लेक (वय १०, भूक लागली की जगबुडी).

ओकायामाच का, तर आईमुळे. ती कित्येक वर्षं सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी फिरायला जाते. त्या बागेचं आधीचं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि आईच्या मैत्रिणींच्या तोंडी अजूनही "उद्या ओकायामात भेटू" असंच असतं. जपानचं ठरल्यावर तिनं एकच अट घातली. फुजी ढगात गेला तरी चालेल, पण जिच्यावरून आपली बाग केली ती मूळ बाग बघायची.

तर प्रश्न असे. हॉटेलातून पायी काय काय बघून होईल? बाग सोडून दुसरं काही आहे का? आई शाकाहारी आहे, अंडं चालतं, मासा नाही. आणि जालावर "टॉप टेन" याद्या वाचून झाल्यात, त्या नकोत. जाऊन आलेल्यांनी सांगा.

---

आडवाट | १२ एप्रिल, रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ओकायामा म्हणजे जपानचं मनमाड. गाडी बदलायची, चहा घ्यायचा, पुढे जायचं. शिकोकू बेटाकडे जाणारे तिथे उतरतात ते सेतो ओहाशी पुलावरून पलीकडे जायला. कुराशिकीला जाणारे उतरतात ते लोकल पकडायला. बाग दोन तासांत होते. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, बाग बघा, आणि रात्र कुराशिकीला काढा. कालव्याकाठची जुनी गोदामं वगैरे, फोटो फार सुंदर येतात.

---

गप्पू | १२ एप्रिल, रात्री ११:१२

मनमाडला नावं ठेवू नका. अंकाई-टंकाई बघायला लोक मनमाडलाच उतरतात.

---

कोथरूडची_कैरी | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

वाचनखूण साठवली आहे. आमच्याही घरी "मूळ बाग" प्रकरण आहे, फक्त सासऱ्यांचं.

---

पीएचडीग्रस्त | १३ एप्रिल, दुपारी १:३५

आडवाट, तुमच्या मनमाडात मी साडेपाच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार.

शेवंतीताई, शहराचा नकाशा फार सोपा आहे. स्टेशनच्या पूर्वेच्या दारातून बाहेर आलात की मोमोतारो या लोककथेतल्या वीराचा पुतळा. तिथून नाकासमोर जो रुंद रस्ता जातो तो मोमोतारो-ओदोरी, मधून ट्राम धावते. या रस्त्यानं सरळ चालत राहिलं की साधारण पंधरा-वीस मिनिटांत शिरोशिता नावाचा चौक येतो. शिरोशिता म्हणजे शब्दशः "किल्ल्याखाली". तिथून किल्ला आणि बाग दोन्ही दहा मिनिटांवर. म्हणजे हॉटेल ते बाग, रमतगमत अर्धा तास. सगळी सपाटी. आई दमल्या तर ट्राम आहेच. उतरताना पैसे द्यायचे, कार्ड चालतं. फक्त एक लक्षात ठेवा. इथे दोन मार्ग आहेत. हिगाशियामाची ट्राम घ्या. सेइकिबाशीची ट्राम यानागावा चौकातून उजवीकडे वळते आणि तुम्ही भलतीकडेच जाता. माझ्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी उजवीकडे वळलेला आहे.

वाटेत स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर निशिगावा लागेल. हा एक अरुंद कालवा, दोन्ही काठांना झाडं, बाकं, छोटे पूल. सगळा मिळून २.४ किलोमीटरचा पट्टा आहे, तेवढं चालायची गरज नाही. जेवण झाल्यावर हॉटेलातून खाली उतरून अर्धा तास बसावं अशी जागा. मी प्रबंधाची दोन प्रकरणं तिथल्या एका बाकावर बसून खोडली आहेत.

बाग. नाव कोराकुएन. जपानच्या तीन मोठ्या नावाजलेल्या बागांपैकी एक, बाकीच्या दोन कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा यानं १६८७ साली काम सुरू करवलं आणि १७०० साली बाग पुरी झाली. आधी ती खासगीच होती. सरदारानं यावं, पाहुण्यांना आणावं, "नो" नावाची जुनी जपानी नाटकं करावीत. १८८४ साली ती प्रांताच्या ताब्यात आली आणि सगळ्यांना खुली झाली. आकार १३.३ हेक्टर, म्हणजे जवळपास ३३ एकर. पुण्याची बाग दहा एकरांची, तेव्हा आईंना सांगा, तिप्पट चालायची तयारी ठेवा.

नावाचा अर्थही त्यांना आवडेल. चीनमधल्या सुंग काळातल्या फान चुंगयेन या मुत्सद्द्याचं वचन आहे, की राज्य करणाऱ्यानं चिंता लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या नंतर भोगावं. त्यातला "नंतरचं सुख" म्हणजे कोराकु. हे नाव मात्र १८७१ साली पडलं, सरदारकीचा कारभार संपला त्या वर्षी.

आता जाण्याची वेळ, जी सगळे चुकवतात. मार्चच्या २० तारखेपासून सप्टेंबर अखेरपर्यंत बाग सकाळी ७:३० ला उघडते. टूर बसेस नऊ-साडेनऊनंतर येतात. आई रोज सकाळी बागेत जातातच, मग इथेही सकाळीच जा. पहिल्या दुपारी किल्ला उरका आणि दुसरी सकाळ पूर्ण बागेला द्या. बाग आणि किल्ला दोन्हींचं मिळून एक तिकीट मिळतं, पण दोन वेगळ्या दिवशी जायचं असेल तर खिडकीवर विचारून घ्या.

कुराशिकी छान आहे, वाद नाही. पण एका रात्रीसाठी दोन हॉटेलं आणि आईंचा गुडघा हे गणित जमत नाही.

---

आडवाट | १३ एप्रिल, दुपारी २:०१

बरं बरं. मनमाड मागे घेतो. दौंड म्हणू का?

---

इतिहासाचा_तास | १३ एप्रिल, संध्या. ६:४८

किल्ल्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होतो. बाहेरून झकास दिसतो, काळ्या फळ्यांचा, म्हणून त्याला ऊजो म्हणतात. ऊ म्हणजे कावळा, कावळ्याचा किल्ला. पण ही इमारत १९६६ ची आहे आणि काँक्रीटची आहे. मूळ बुरूजवाडा उकिता हिदेइए यानं बांधून १५९७ साली पुरा केला होता. तो १९४५ च्या २९ जूनला पहाटेच्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात जळाला. त्या एका रात्रीत शहराचा निम्म्याहून जास्त भाग गेला, १,७०० हून अधिक माणसं गेली. तुम्ही हिरोशिमाहून येणार आहात म्हणून मुद्दाम लिहिलं. सहा ऑगस्ट सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच उन्हाळ्यात साध्या आगलाव्या बॉम्बनी जपानची कितीतरी शहरं जळून गेली. मोमोतारो-ओदोरीवर चालताना सगळं नवं, सरळ, रुंद का दिसतं त्याचं कारण हेच.

मग बघायचं काय? मुख्य इमारतीकडे पाठ करा आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातली छोटी पांढरी त्सुकिमी यागुरा बघा. चंद्र बघायचा बुरूज. सतराव्या शतकातला आहे, आगीतून वाचलेला आहे, आणि त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. शिवाय जळालेल्या मूळ इमारतीच्या पायाचे दगड तिथल्याच मैदानात होते तसे मांडून ठेवले आहेत. शनिवारवाड्यात कारंज्याच्या आणि जोत्यांच्या मध्ये उभं राहून वर काय असेल ते आपण मनात बांधतो, तसंच.

हिदेइएची गोष्टही चटका लावणारी आहे. सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) हरणाऱ्या बाजूला होता. पुढे त्याला हाचिजो बेटावर हद्दपार केलं, आणि तिथे तो १६५५ पर्यंत जगला. म्हणजे किल्ला त्याचा तीन-चार वर्षं, आणि बेट जवळपास पन्नास.

---

सहाचीगाडी | १३ एप्रिल, संध्या. ७:१५

सिमेंटचा किल्ला, वर लिफ्ट, आत फोटोसाठी भाड्यानं किमोनो. याला किल्ला म्हणायचं का? आपल्याकडे असं केलं असतं तर इथेच चारशे प्रतिसादांचा धागा झाला असता.

---

इतिहासाचा_तास | १३ एप्रिल, संध्या. ७:४०

झाला असता, आणि त्यात पहिला प्रतिसाद माझा असता. पण लोकांच्या बाजूनं बघा. शहर बेचिराख झालं, वीस वर्षांत पोटापाण्याचं मार्गी लागल्यावर त्यांना रोज दिसणारा तो काळा आकार परत हवा होता. १९६६ साली काँक्रीट हे सगळ्यात खात्रीचं, न जळणारं साधन होतं. आग बघितलेल्या माणसांनी लाकूड नको म्हटलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, आपण जोतं तसंच ठेवलं. दोन्ही मला पटतं.

---

बांगडा_फ्राय | १४ एप्रिल, सकाळी ९:०२

किल्ले-बिल्ले होऊ द्या, खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी आलो.

ओकायामाला मामाकारी खाल्ल्याशिवाय परत येऊ नये. बोटाएवढा चंदेरी मासा, व्हिनेगरमध्ये मुरवलेला, भाताबरोबर. चवीला आपल्या पेडव्यांच्या भावकीतला. नावाची गंमत अशी, की मामा म्हणजे भात आणि कारी म्हणजे उसना घेणं. मासा इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजारणीकडून उसना आणावा लागतो! मालवणात हे नाव कुणाला सुचलं कसं नाही?

आईंना चालणार नाही, माहीत आहे. पण लेकीला भरवा. तिला देमी-काट्सुदोनही आवडेल. भातावर डुकराच्या मांसाचा तळलेला कटलेट आणि वर घट्ट तपकिरी सॉस. डुक्कर चालत नसेल तर एबीमेशी. कोळंबी घातलेला परतलेला भात, रंगानं काळपट, दिसतो करपल्यासारखा पण करपलेला नसतो.

---

कोथरूडची_कैरी | १४ एप्रिल, सकाळी ९:३०

धागाकर्तीनं "शाकाहारी" असं लिहिलंय हो. :)

---

बांगडा_फ्राय | १४ एप्रिल, सकाळी ९:३३

आई शाकाहारी. धाग्याची अट नाही.

---

पीएचडीग्रस्त | १४ एप्रिल, दुपारी १२:५०

शाकाहाराचं खरं सांगतो. जपानात भाजी दिसते तिथे मासा असतो, कारण दाशी. सूप, उकडलेली भाजी, नूडल्सचा रस्सा, सगळ्यात सुक्या बोनितो माशाचं पाणी. "निकु नाशी" म्हणजे मांस नको एवढं सांगून भागत नाही, कारण दाशीला तिथे कुणी मांस समजत नाही. एका कागदावर जपानीत लिहून ठेवा की मांस, मासा, माशाची दाशी चालत नाही, अंडं आणि दूध चालतं. हॉटेलच्या स्वागतकक्षात विनंती केली तर ते लिहून देतात.

आधार म्हणजे कोनबिनीतली (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातली) उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा, उकडलेली अंडी, फळं, आणि स्टेशनजवळच्या मोठ्या मॉलच्या तळघरातलं खाण्याचं मार्केट. गोडात किबिदांगो. तांदळाच्या चिकट पिठाचे, साखर घातलेले, नखाएवढे मऊ गोळे. मोमोतारोनं हेच देऊन कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी फौजेत भरती केले. पीचमधून जन्मलेला मुलगा राक्षस मारायला निघतो ती गोष्ट. लेकीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे गटारांच्या झाकणांपासून सगळीकडे तेच तेच चेहरे शोधण्यात ती दमेल. फळातून माणूस निघतो यात आपल्यालाही नवल वाटायला नको, आपल्याकडे म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडे गेलीच होती.

इथला पांढरा पीच प्रसिद्ध आहे, पण मेमध्ये मिळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येतो. वाईट वाटतंय, पण इलाज नाही.

---

नवा_गडी | १४ एप्रिल, दुपारी ३:२२

पाऊस आला तर?

---

पीएचडीग्रस्त | १४ एप्रिल, दुपारी ३:५८

ओकायामा स्वतःला "उन्हाचा प्रांत" म्हणवतो. तरी आलाच तर ओमोतेचो. शिरोशिताजवळ सिम्फनी हॉलपाशी सुरू होणारा छप्पर असलेला जुना बाजार, दक्षिणेकडे लांबवर जातो. शिवाय त्याच भागात ओरिएंट संग्रहालय आहे, प्राचीन पश्चिम आशियातल्या वस्तूंचं. जपानच्या मध्यावर मेसोपोटेमिया कशाला असं वाटेल, पण आतली शांतता आणि वरून उतरणारा उजेड यासाठी तरी जा. संग्रहालयं सोमवारी बंद. बाग सोमवारीही चालू.

---

इतिहासाचा_तास | १४ एप्रिल, संध्या. ५:१०

वेळ उरला तर एक जागा, जी मार्गदर्शिकांत मागच्या पानावर असते. स्टेशनच्या पश्चिम दारातून दहा मिनिटांवर होकानचो नावाची बाजारगल्ली. सरदारकी १८७१ साली बरखास्त झाली तेव्हा सामुराईंची नोकरी गेली, हातात एकरकमी पैसे आले. त्या पैशाला होकानकिन म्हणत. त्यातल्या काहींनी इथे रस्त्याकडेला दुकानं टाकली. तलवार ठेवून तागडी हातात. पेन्शनीच्या पैशांतून उभी राहिलेली गल्ली, म्हणून नाव होकानचो.

---

गप्पू | १४ एप्रिल, संध्या. ५:१५

व्हीआरएस घेऊन झेरॉक्सचं दुकान.

---

शेवंती | १४ एप्रिल, रात्री ९:५०

काय लोक आहात! सगळ्यांना धन्यवाद. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या पीएचडीवाल्याला विचार, बागेत बसायला बाकं आहेत का." आणि "उसना भात" ऐकून दोनदा हसली. आल्यावर वृत्तांत टाकतेच.

---

शेवंती | ११ जून, रात्री १०:१५

आलो! उशीर झाला, क्षमस्व. जेट लॅग, मग लेकीची शाळा.

पहिली कबुली. आम्ही उजवीकडे वळलो. पीएचडीग्रस्त यांनी ठळक अक्षरांत लिहिलेलं वाचून, आईला वाचून दाखवून, वर "आपण काही चुकायच्या नाही" असं म्हणून झाल्यावर. ट्रामवर मांजराचं चित्र होतं, लेक ओरडली "ती ती ती!", आणि आम्ही चढलो. यानागावाला ट्राम वळली तेव्हा आईच म्हणाली, "अगं, किल्ला सरळ होता ना?" उतरून परत चालत आलो. त्या गडबडीत निशिगावाचा काठ सापडला, तिथे बाकावर बसून लेकीला ओनिगिरी दिली आणि जगबुडी टळली.

किल्ल्याच्या आवारात पोचेपर्यंत साडेतीन वाजले. चढ आणि पायऱ्या लागल्याच, आईनं कठड्याला धरून एकेक चढल्या. वर मुख्य इमारतीत गेलो नाही. इतिहासाचा तास यांच्या सांगण्यावरून पायाच्या दगडांपाशी गेलो. तिथे लेकीनं एका दगडावरून दुसऱ्यावर नजरेनं रेघा ओढून "ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर" असं घर लावलं. तिच्या हिशोबानं सरदाराला बाल्कनी नव्हती. मग त्सुकिमी यागुरा. आम्ही तिघी आणि एक कावळा, दुसरं कुणी नाही. कावळ्याच्या किल्ल्यात कावळा बघून लेक खूश.

रात्री जेवणाचं जमलं नाही. कागद जपानीत लिहून घेतला होता, दोन ठिकाणी तो फार आदरानं वाचला गेला आणि तितक्याच आदरानं परत मिळाला. शेवटी मॉलच्या तळघरातून टोफू, काकडी, भात आणि गोड रताळं आणून हॉटेलच्या खोलीत जेवलो. वर आईच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. खरं सांगू, सबंध जपानातलं तिचं सगळ्यात आवडतं जेवण तेच.

आता बाग.

सकाळी ६:४० ला हॉटेलातून निघालो, चालत. अर्ध्या तासाचे आमचे पन्नास मिनिटं झाले, कारण मोमोतारोची झाकणं. ७:३० ला मुख्य दार उघडलं तेव्हा आमच्यापुढे फक्त चार माणसं होती, सगळी आईच्या वयाची, सगळ्यांच्या पायांत बूट आणि डोक्यावर टोप्या. आई हळूच म्हणाली, "इथलाही ग्रुप आहे."

आत गेल्यावर ती पहिल्यांदा गप्पच झाली. मला वाटलं आवडली नाही. मग म्हणाली, "इतकं मोकळं?" आम्हाला झाडांची दाटी अपेक्षित होती. इथे समोर हिरवळच हिरवळ, मध्ये तळं, आणि पलीकडे थेट डोंगर. तो डोंगर बागेचा नाहीच, तो बाहेरचा मिसाओ डोंगर. बाग अशी आखलीय की तो बागेतलाच वाटावा. याला ते उसनं घेतलेलं दृश्य म्हणतात. दुसऱ्या बाजूला झाडांच्या वर तो काळा किल्ला, तोही उसना. बांगडा_फ्राय, तुमच्या मामाकारीची आठवण झाली. या गावाला उसनवारीचं वावडं नाही. आईनं पुण्याचा हिशोब लगेच केला. "आपल्याकडे उसनं काय मिळतं? समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी."

मग तिचा शोध सुरू झाला. ओढ्याचं वळण दिसलं की "हे आपल्याकडे आहे." तळ्यातले मासे, "आहेत." सहा मीटरची ती युइशिनझान टेकडी, "आपली बुटकी आहे." गुडघा विसरून ती त्या टेकडीवर चढलीसुद्धा, उतरताना मात्र माझा दंड धरला.

दोन गोष्टी मात्र आपल्याकडे नाहीत.

एक म्हणजे र्‍युतेन. चारी बाजूंनी उघडी, भिंती नसलेली लाकडी बैठक, आणि तिच्या बरोब्बर मधून ओढा वाहतो. घराच्या आत, जमिनीच्या पातळीला, पाण्यात रंगीत दगड ठेवलेले. बूट काढून आम्ही फळीवर बसलो. पाणी इतकं संथ, की आवाज ऐकायला श्वास धरावा लागला. युद्धाच्या आगीतून ही बैठक वाचली आणि सरदाराची मुख्य वास्तू एन्योतेई जळाली, ती १९६० साली परत बांधली. आई तिथे अर्धा तास बसली. पीएचडीग्रस्त, बाकाचा प्रश्न असा सुटला.

दुसरी गोष्ट म्हणजे भातशेत. हो, सरदाराच्या बागेत शेत! चौकोन आखून नऊ खाचरं, जुन्या चिनी जमीनवाटपाच्या पद्धतीवरून. लावणी व्हायची होती, ती जूनमध्ये करतात. शेजारी चहाचा मळा, ओळीनं कातरलेली गोल झुडपं. आई मूळची भोरकडची. बांधावर उभी राहून ती खाचरं बघत राहिली आणि म्हणाली, "राजाला पेरणी कधी ते कळावं म्हणून केलं असेल." पाटीवर काय लिहिलंय ते मी वाचायला गेलेच नाही.

त्याच्या पुढे हिरवळीवर एक माळी बुटक्या चौरंगासारख्या स्टुलावर बसून तण काढत होता. हातात खुरपं, पण आपल्यासारखं नाही, पातं काटकोनात आडवं वळलेलं. तो तण ओढत नव्हता. पातं गवतात सपाट सरकवायचा, मनगट अर्धं फिरवायचा, आणि मुळासकट तण अलगद वर. मग ते मागच्या टोपलीत न बघता टाकायचा. एक वीतभर जागा झाली की स्टूल पुढे. आई दहा मिनिटं उभी. त्यानं मान वर केली, हिनं हात जोडले, त्यानं टोपी काढली. पुन्हा दोघंही आपापल्या कामाला लागले. हिचं काम बघत राहायचं.

सारस पक्षीही आहेत, लाल टोपीवाले, मोठ्या पिंजऱ्यात. जुने सारस युद्धानंतर उरले नव्हते. कुओ मोरुओ हे चिनी विद्वान तरुणपणी ओकायामात शिकले होते, त्यांनी १९५६ साली एक जोडी भेट पाठवली. पिंजऱ्यातला एक सारस अचानक ओरडला तेव्हा लेकीच्या हातातलं किबिदांगोचं खोकं पडलं. उघडलेलं होतं. तीन गेले.

दक्षिण दारानं बाहेर पडून पुलावरून नदी ओलांडली, खाली आसाही नदीत पीचच्या आकाराच्या पायडलच्या होड्या. दुपारी होकानचो बघितली. अर्ध्या दुकानांची शटरं बंद, पण एका फळवाल्यानं लेकीला संत्र्याची फोड दिली. त्याचे पणजोबा सामुराई होते का हे विचारायची फार इच्छा होती, भाषा आडवी आली.

---

पीएचडीग्रस्त | ११ जून, रात्री ११:०२

उजवीकडे वळलात! परंपरा अबाधित राहिली, धन्य झालो. ते खुरपं म्हणजे कामा, गवत काढायचं छोटं. तिथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

---

आडवाट | १२ जून, सकाळी ८:१०

कुराशिकी राहिलीच ना शेवटी?

---

शेवंती | १२ जून, सकाळी ८:४५

राहिली. मॉलच्या तळघराला दोनदा गेलो त्यात तो वेळ गेला. पश्चात्ताप नाही.

---

सहाचीगाडी | १२ जून, सकाळी ९:२०

वृत्तांत आवडला. ते दगडांवर घर मांडणं वाचून काँक्रीटबद्दलचं माझं मत थोडं सौम्य झालंय. थोडंच.

---

कोथरूडची_कैरी | १२ जून, सकाळी ११:३०

आई परत बागेत जायला लागल्या का? त्यांच्या ग्रुपला काय सांगितलं?

---

शेवंती | १२ जून, दुपारी १:०५

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी गेली. फोटो कुणाला दाखवले नाहीत, मोबाइल विसरली होती. पण आता रोज एकच तक्रार चालू आहे. "आपल्या बागेत सगळं आहे, भात नाही."

---

बांगडा_फ्राय | १२ जून, दुपारी १:०९

लावा म्हणावं. इंद्रायणी लावा. कमी पडला तर शेजारून उसना आणू.